तारखेकडे बघणारा माणूस
(वसंत व्याख्यानमाला, पुष्प चौथे)



इराक युद्ध तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. सद्दाम कोण, बुश कोण, यात वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. बनावट कागद करणारा फार हुशार असतो म्हणून मोठमोठे देश फसतात, असं आपण समजतो. मला ते मान्य नाही. ज्याला कागद हवा आहे, त्याच्याच हाती तपासणी राहिली की देश फसतो.

माझं आयुष्य मोडी कागद तपासण्यात गेलं. सनद पुढ्यात आली की आम्ही मजकुराला नंतर हात घालतो. आधी तारीख, मग शिक्का, मग त्या तारखेला तो अंमलदार त्या जागेवर होता का, हे बघतो. जंत्री काढायची आणि मिती-वार जुळतात का ते पाहायचं. याला प्रतिभा लागत नाही, बैठक लागते.

आता नायजरचे कागद घ्या. २००१च्या सुरुवातीला रोममधल्या नायजरच्या वकिलातीत चोरी झाली. पुढे इराक नायजरकडून ५०० टन युरेनियम घेणार असल्याचे कागद बाजारात आले. ते विकायला फिरत होता रोक्को मार्तिनो, इटालियन हेरखात्याशी जुने लागेबांधे असलेला दलाल. त्यातल्या एका पत्रावर तारीख १० ऑक्टोबर २०००. खाली सही परराष्ट्रमंत्री म्हणून अलेले हबिबू यांची. हे गृहस्थ १९८९मध्येच त्या पदावरून गेलेले! आणि पत्र पोचल्याचा आवक शिक्का २८ सप्टेंबर २०००चा. म्हणजे पत्र लिहिण्याच्या बारा दिवस आधीच ते मिळालं. (हशा) हसा, पण मंडळी, या पत्राच्या मागून युद्ध आलं. दुसऱ्या एका पत्रात राष्ट्राध्यक्ष १९६५च्या राज्यघटनेचा हवाला देतात; देशात तेव्हा १९९९ची घटना चालू होती. आणखी एक कागद तर असा, की इराक, इराण, लिबिया, सुदान, पाकिस्तान मिळून महासत्तांविरुद्ध लष्करी मोहीम काढणार, आणि तिची सूत्रं रोमच्या वकिलातीतून हलणार!

मार्तिनोने हे कागद 'पानोरामा' साप्ताहिकाच्या एलिझाबेत्ता बुर्बा यांच्याकडे नेले. त्या स्वतः नायजरला गेल्या, चौकशी केली, आणि बातमी उभी राहत नाही म्हणून छापली नाही. एका पत्रकार बाईने जे केलं, ते सरकारांना जमलं नाही. संपादकांच्या सांगण्यावरून प्रती ऑक्टोबर २००२मध्ये रोमच्या अमेरिकन वकिलातीत पोचल्या. अमेरिकन परराष्ट्र खात्यातल्या एका विश्लेषकाला त्या लष्करी कागदावरचा शिक्का तेव्हाच विचित्र वाटला होता. सीआयएकडची प्रत तिजोरीत पडून राहिली. २८ जानेवारी २००३ला बुश यांनी, इराक आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहत होता, असं वाक्य भाषणात म्हटलं. कागद आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला मिळाले फेब्रुवारीत. तिथले जाक बोत इंटरनेटवर शोधत बसले, आणि मंत्र्याच्या नावापाशी काही तासांतच गाठ सुटली. ७ मार्चला संस्थेचे प्रमुख अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत कागद खरे नाहीत असं सांगितलं. २० मार्चला युद्ध सुरू झालं.

कोणी म्हणेल, पैसे घेणाऱ्या माणसाचं असंच व्हायचं. नाही. इथे मला जरा आडवाटेने जाऊ द्या. १९४३, अंकारा. ब्रिटिश राजदूत ह्यू नॅचबुल-ह्युजेसन यांचा खाजगी नोकर एलियेसा बाझना. साहेब आंघोळीला, जेवायला किंवा पियानोला बसले, की हा पेटीतले गुप्त कागद काढायचा, आपल्या खोलीत दिव्याखाली फोटो घ्यायचा आणि होते तसे परत ठेवायचा. किल्ल्यांचे ठसे मेणावर घेऊन त्याने दुसऱ्या करवून घेतल्या होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मन वकिलातीत जाऊन मोयझिश नावाच्या अधिकाऱ्याला म्हणाला, दोन रिळांचे २० हजार पौंड. जर्मनांनी त्याला नाव दिलं 'सिसेरो'. माल अस्सल होता. दोस्तांच्या परिषदांचे अहवाल, तुर्कस्तानला युद्धात ओढायच्या खटपटी, फ्रान्सवरच्या स्वारीचं 'ओव्हरलॉर्ड' हे सांकेतिक नावसुद्धा त्यात आलं. पण बर्लिनमध्ये परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपला शंका, की हा इंग्रजांचाच डाव असणार. म्हणजे कागद खरे, तर ते पुरते पचेनात! आणि त्याला दिलेल्या पौंडांतले बहुतेक जर्मनांनी साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत कैद्यांकडून छापून घेतलेले. युद्धानंतर धंदा मांडल्यावर बाझनाला ते कळलं. पश्चिम जर्मन सरकारकडे भरपाई मागितली, मिळाली नाही. १९७०मध्ये म्युनिकमध्ये वारला. पैसे घेऊन त्याने खोटं सांगितलं नाही. खोटं सांगितलं त्याला पैसे देणाऱ्यांनी.

म्हणून मी पैशाला दोष देत नाही. हेरखात्यातल्या माणसांचा अवमान करतो आहे, असंही कोणी समजू नये. त्यांच्यातलेच काही जण ओरडून सांगत होते. त्यांचं ऐकायला वर कोणी नव्हतं, हेच तर माझं दुखणं आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली. 'कर्व्हबॉल'बद्दल पुष्कळ बोलायचं होतं, ते आता थोडक्यात. 'कर्व्हबॉल' म्हणजे रफीद अल जनाबी, इराकी केमिकल इंजिनिअर, १९९९मध्ये जर्मनीत आश्रयाला आला. ट्रकवर फिरत्या जैविक प्रयोगशाळा आहेत, असं त्याने जर्मन हेरखात्याला सांगितलं. जर्मनांनी अमेरिकनांना युद्धाआधी त्याची उलटतपासणी घेऊ दिली नाही. त्याने जिथून ट्रक आत जातात म्हणून सांगितलं, तिथे उपग्रहाच्या फोटोत भिंत दिसत होती. विश्लेषकांनी काय करावं? भिंत तात्पुरती असेल, फसवायला उभी केली असेल, असं लिहून टाकलं. ५ फेब्रुवारी २००३ला अमेरिकन परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी त्याचीच माहिती सुरक्षा परिषदेत ठेवली. चारच दिवसांच्या आत संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक त्या जागी पोचले. भिंत तिथेच होती, पक्की. २०११मध्ये त्याने स्वतःच सांगितलं, की सद्दामला घालवायचं होतं म्हणून आपण खोटं बोललो.

भिंत बघणाऱ्याचा हुद्दा लहान असो. पण 'जुळत नाही' असा शेरा त्याने मारला, की तो खोडण्याचा हक्क वरच्याला नसावा. खोडायचाच असेल तर सही करून, कारण लिहून खोडावा. आमच्या दफ्तरखान्यात हे चालतं. सरकारात का चालू नये, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. सभागृहात कोणाकडे असेल, तर त्यांनी आता विचारायला नव्हे, सांगायला उठावं.