उन्हाळ्यातील पाणवठ्याची छायाचित्रे



मी सातवीपर्यंत शिकलेली. शास्त्र काय सांगणार? पण मोबाईलवर काढलेली छायाचित्रे दाखवण्याचा आपण आग्रह केलात, म्हणून उभी आहे.

वैशाखात आपल्याकडचे ओढे आटतात. परंतु टाटांच्या वीजघरांतून सुटणारे पाणी खोपोलीला १९१५ पासून पाताळगंगेला व भिवपुरीला १९२२ पासून उल्हासला मिळते. म्हणून काठचे लव्हाळे, पाणकणीस उन्हाळ्यातही हिरवे राहते.

छायाचित्रांसाठी सकाळीच जावे. ऊन तापण्याआधी किडे सुस्त बसलेले असतात. पंख पसरून बसतो तो चतुर, बहुधा पंख मिटून बसते ती टाचणी. चतुराचे पिल्लू पाण्यात वाढते, डासांच्या अळ्या खाते. मोठे झाले की लव्हाळ्यावर चढून कात टाकते नि उडून जाते. ती रिकामी कात माझ्या तिसऱ्या चित्रात दिसेल.

काठ स्वच्छ दिसावा म्हणून आपण लव्हाळे कापून जाळतो. मग चतुराने चढावे कशावर? आणि डास वाढले तर बोल कोणाला लावावा? यंदाच्या सफाईत प्लास्टिक व जलपर्णी जरूर काढू या. लव्हाळ्याला मात्र विळा लावू नये, एवढीच माझी विनंती.