मुलांना उपासमारीची गोष्ट सांगावी का?



मुलांच्या हाती कसली पुस्तके द्यावीत, असा प्रश्न निघाला की आपण वडीलमाणसे चटकन म्हणतो, ‘दुःख पुढे आहेच, लहानपणी तरी गोड वाचू द्या.’ या बोलण्यात माया आहे. पण मला ते पटत नाही. का, ते एका पुस्तकाच्या आधारे सांगतो.

लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेची ‘द लाँग विंटर’ ही कादंबरी १९४० साली निघाली. काळ १८८०-८१चा, स्थळ डाकोटा प्रांतातले डी स्मेट हे नवे गाव. हिमवादळांनी लोहमार्ग बुजले, आगगाडी थांबली. गाडी थांबली म्हणजे कोळसा, पीठ, रॉकेल सारेच थांबले. चौदाव्या वर्षातली लॉरा बापाबरोबर वाळल्या गवताचे पीळ घालते, कारण जळण तेवढेच उरले. गहू कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात आळीपाळीने दळायचा आणि त्याचाच पाव खायचा. बापाची बोटे इतकी ताठरतात की आवडते फिडलही वाजवता येत नाही.

आता यात मुलांनी घेण्यासारखे काय? पहिले असे, की लेखिका रडगाणे गात नाही. संकटात मुलालाही करण्याजोगे काम असते, हे ती दाखवते. दुसरे, भुकेमागचा व्यवहारही ती लपवीत नाही. दोन तरुण जीव धोक्यात घालून गहू आणतात. दुकानदार सव्वा डॉलरने घेतलेला तो गहू तीन डॉलरने विकू पाहतो. गावकरी त्याला समजावतात, आणि अखेर खरेदीच्याच भावाने, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे, वाटप होते. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा कोणता?

मात्र कादंबरी म्हणजे इतिहासाची नक्कल नव्हे. त्या हिवाळ्यात एक तरुण जोडपे आणि त्यांचे बाळ याच घरात राहत होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखिकेच्या आत्मकथनात ती माणसे आहेत, कादंबरीत नाहीत. एका कुटुंबाची झुंज ठळक व्हावी म्हणून ती गाळली गेली. याहून मोठी उणीव अशी, की ती भूमी आधी ज्यांची होती त्या आदिवासींना तिच्या पुस्तकमालेत न्याय मिळत नाही. म्हणूनच २०१८ साली अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने तिच्या नावाच्या पुरस्काराचे नाव बदलले. तेव्हा पुस्तक द्यावे, आणि जोडीला ही हकीकतही सांगावी. मुले दोन्ही पेलतात.

आपल्याकडे दूर जायला नको. १९७२च्या दुष्काळात या महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायला गेली. आईबापांबरोबर मुलेही त्या कामांवर होती. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळालेली सुकडी यांची चव ज्यांच्या जिभेवर आहे, अशी माणसे आज आजीआजोबा आहेत. त्यांची नातवंडे त्या दिवसांबद्दल विचारीत नाहीत, कारण आपण कधी विषयच काढीत नाही.

गोड गोष्टी मुलांना जरूर द्या. पण आपल्या घरातली माणसे कठीण काळातून कशी तरली, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला पुढ्यातल्या भाकरीची किंमत कशी कळावी? आज घरी गेल्यावर एवढे तरी सांगायला बसावे, ही विनंती.