पांढरीच्या भिंती

श्रोतेहो, वळसंगहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात की काळे रान दिसते. या काळ्या मातीची भिंत घालून पाहा बरे! उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतील आणि पावसात ती फुगून बसेल. म्हणून वाडवडिलांनी काळी पिकाला ठेवली नि भिंतीला पांढरी घेतली. गावठाणालाच ‘पांढरी’ म्हणतात, ते उगीच नव्हे. एका जागी पिढ्यान्‌पिढ्या माणसे नांदली. चुलीची राख, शेण, पडक्या घरांची माती एकमेकांत मुरली, तीच ही माती.

गढीचा बुरूज घालायचा तर आधी दगडाचे जोते, म्हणजे जमिनीतली ओल वर चढत नाही. त्यावर भुसा घालून पायांनी तुडवलेल्या चिखलाचा थर. हातभर चढला की थांबायचे. तो वाळल्यावाचून पुढचा चढवायचा नाही. भिंत तळाशी रुंद, वर निमुळती.

ही रीत फार जुनी. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शेतकऱ्यांनी वस्तीला दगडमातीचा तट घातला होता, बाहेर खंदक खणला होता. आणि मातीचा तट म्हणजे दुबळा, असेही समजू नका. 1805 साली इंग्रजांचा सेनापती लेक भरतपूरच्या किल्ल्यावर चार वेळा चालून गेला नि चारही वेळा मागे हटला. गोळा दगडावर बसला की कपच्या उडतात. मातीत तो रुतून बसतो.

सोलापूरचा भुईकोट, नळदुर्ग ही दगडी कामे. दगडी तट बहुधा दोन अंगांना दगड आणि पोटात दगडमातीचा भराव, असा असतो. सांध्यात चुना, रानातलीच चुनखडी भाजून बैलाच्या घाणीत मळलेला. असा तट म्हातारा होतो तो सांध्यापासून. आपल्याकडे पाऊस थोडा, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, पण येतो तेव्हा झोडपून काढतो. माथ्यावर एक चीर पडली की पाणी पोटात शिरते, भराव फुगतो, भिंतीला पोट सुटते आणि एके रात्री बाहेरचे दगड ढासळतात. पायथ्याला लोणा लागतो तो निराळाच. मग आपण सिमेंट थापतो! चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. दिसायला मात्र काम पक्के दिसते.

मातीच्या बुरुजाला पावसाहून मोठा वैरी कोण? आपणच. पांढरी पिकाला मानवते. पूर्वी ती पाट्यांनी जाई, आता ट्रॉलीने जाते. मी कोणाला नावे ठेवत नाही. आजोळी आमचे माळवदाचे घर होते. मृगाआधी त्यावर पांढरी टाकावी लागे आणि ती गढीच्या बुरुजाखालून मामांबरोबर मीही खणून आणी. एका वर्षी खालून पोखरलेला भाग आमच्या देखत धाडकन खाली आला. मामा म्हणाले, “चल रे, यंदाची खणायची मेहनत वाचली.” त्या ढिगात खापरे होती, बांगड्यांचे तुकडे होते. ती वेचून फेकून दिली नि माती माळवदावर पसरली. आज वर्गात इतिहास शिकवताना ते माळवद डोळ्यांपुढे येते.

शिक्षक बंधुभगिनींनो, पहिला मोठा पाऊस झाला की मुलांना जवळच्या गढीकडे न्या; बुरुजापासून चांगले लांब उभे करा, ओला बुरूज केव्हा सुटेल याचा नेम नसतो. माथ्यावरचे पाणी कोणत्या वाटेने उतरले, ते वहीत काढू द्या. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढू द्या. तटात पिंपळाचे रोप दिसले तर ते ग्रामपंचायतीच्या कानावर घाला. ओढून मात्र कोणी उपटू नये. मुळाबरोबर सांधा निखळतो. कोवळे असतानाच जाणत्या गवंड्याकडून कापून घ्यावे आणि त्या फटीत चुनाच भरावा.