छातीवरचे नाव
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी क्रिकेटवर बोलणार म्हटल्यावर मुलांचे चेहरे खुलतील आणि पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु खेळाविषयी माझी तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते खेळाडूच्या छातीवर छापलेल्या नावाविषयी.

२०२३ साली भारतीय संघाच्या जर्सीवर ‘ड्रीम इलेव्हन’ हे नाव आले. करार तीन वर्षांचा, ३५८ कोटी रुपयांचा. धंदा असा की, मोबाईलवर आपला संघ निवडायचा, त्यावर पैसे लावायचे आणि नशिबाची वाट पाहायची. मग तसल्याच जर्सी पुसद-दिग्रसच्या बाजारात टांगल्या गेल्या आणि मुलांच्या हट्टापायी आपणच त्या घेऊन दिल्या. जुगार हराम आहे हे घरात शिकवायचे आणि त्याच मुलाच्या छातीवर जुगाराचे नाव आपल्या पैशाने चढवायचे! मुलाने काही विचारले नाही, कारण यात विचारण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नाही. जाहिरातीचे खरे काम हेच. एखाद्या गोष्टीची लाज नाहीशी झाली की विक्री आपोआप होते.

दारूची गोष्ट वेगळी नाही. टीव्हीवर दारूची जाहिरात करण्यास मनाई आहे; म्हणून त्याच नावाचा सोडा आणि त्याच नावाचे पाणी दाखवले जाते. २००८ साली आयपीएलमध्ये आलेल्या बंगळूरच्या संघाला ‘रॉयल चॅलेंजर्स’ हे नाव मिळाले, तेही मालकाच्या व्हिस्कीवरून. लहान मूल ते नाव आधी शिकते; बाटली पुढे कधीतरी त्याच्या नजरेस पडते, तेव्हा ती ओळखीची असते.

सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण मला फार विचार करण्यासारखे वाटते. तंबाखूची जाहिरात करणार नाही, असे वचन त्यांनी वडिलांना, प्रा. रमेश तेंडुलकर यांना दिले होते. १९९६ च्या विश्वचषकाला विल्स सिगारेटचे नाव होते. त्या स्पर्धेत सचिन मात्र बॅटवर एकही स्टिकर न लावता खेळले. आणि २०२३ साली त्यांच्याच घरासमोर अचलपूरचे आमदार बच्चू कडू यांनी आंदोलन केले, ते ऑनलाईन खेळाच्या जाहिरातीबद्दल! कायद्याने त्या वेळी ती जाहिरात चालत होती, हेही सांगितले पाहिजे. सिगारेट आणि दारू सर्वांना ओळखता येते. जुगार मात्र ‘कौशल्याचा खेळ’ असे नाव घेऊन आला. शेवटी एक माणूस घाईघाईने बजावत असे, की याची सवय लागू शकते. ते ऐकायला कोण थांबतो?

कुरआन शरीफने दारू आणि जुगार यांचा उल्लेख एकत्रच केला आहे, आणि त्यांत लोकांना काही फायदे आहेत हेही नाकारलेले नाही. गुनाह फायद्याहून मोठा, असे सांगितले आहे. अरबस्तानातल्या त्या जुगारात उंट कापून बाणांनी वाटे काढीत आणि जिंकलेले मांस गरिबांना वाटीत. म्हणजे दानधर्माचे पांघरूण तेव्हाही होतेच. हदीसमध्ये दारूच्या संबंधात दहा जण दोषी धरले आहेत. त्यांत पिणारा एक. वाहून नेणारा आणि तिची किंमत खाणाराही त्यांतच आहेत. जर्सीवर नाव वाहणारा यांपैकी कोण, ते तुम्हीच ठरवा.

दक्षिण आफ्रिकेचे हाशिम आमला, ज्यांचे घराणे मूळचे सुरतेकडचे, बिअर कंपनीचे चिन्ह अंगावर न घेता खेळले. २०१३ साली ऑस्ट्रेलियाच्या फवाद अहमद यांनी तीच विनंती केली व बोर्डाने ती मान्य केली. काही जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली. या दोघांनी सहकाऱ्यांना उपदेश केला नाही; आपल्या अंगावरचे तेवढे नाकारले.

‘हा पैसा नाकारला तर खेळ कसा चालेल?’ असे विचारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाईन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी आली. करार संपला. सप्टेंबरमध्ये आशिया चषकाला आपला संघ कोऱ्या छातीने उतरला आणि चषक जिंकून आला. पाठोपाठ एका टायर कंपनीने अधिक रक्कम देऊन ती जागा घेतली.

कोणी म्हणेल, हे मुसलमानांचेच सोवळे आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीसाठी ‘स्वामिनी’च्या झेंड्याखाली मोर्चे काढणाऱ्या बाया बहुतेक इतर समाजांच्या होत्या. नवऱ्याची मजुरी कुठे जाते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

आता आपल्या अंगणातले बोलतो. टेनिस बॉलचे सामने आले की मुले टी-शर्टसाठी वर्गणी मागत फिरतात आणि जो देईल त्याचे नाव पाठीवर छापतात. मग तो बिअर बारवाला का असेना. या वर्षी आपल्या संघाच्या टी-शर्टवर फक्त शाळेचे नाव असावे आणि खर्च पालकांनी वाटून घ्यावा, अशी माझी सूचना आहे. अकरा खेळाडू आणि चार राखीव, एवढेच शर्ट लागतील. त्यांपैकी दोन माझ्याकडून लिहून घ्या.