चित्र, सूर आणि पडद्यावरचा खेळ

कल्याणहून निघालेला लोहमार्ग १८५५ सालीं वाशिंदपर्यंत पोंचला. आज त्याच मार्गानें कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल गाडींत खिडकीशीं बसलेला एखादा शाळकरी मुलगा पाहावा. बाहेर भातसेच्या आसपासचीं शेतें मागें सरकत असतात, पुढें माहुलीचे सुळके दिसूं लागतात. परंतु त्याची दृष्टि हातांतल्या मोबाइलच्या वीतभर पडद्यावर खिळलेली असते. त्या पडद्यावर एक निराळेंच जग उभें असतें. तेथें डोंगर आहेत, वाडे आहेत, आणि त्या जगाचें संगीत मुलाच्या कानांत अखंड वाजत आहे. वडीलधारी माणसें याला वेळेचा अपव्यय म्हणतात. वेळेचा हिशेब ठेवलाच पाहिजे, यांत शंका नाहीं. परंतु त्याहून खोल असा एक प्रश्न आहे. बाळपणीं डोळ्यांत भरलेलें चित्र आणि कानांत बसलेला सूर माणसाला जन्मभर सोबत करितात. तेव्हां या मुलाबरोबर कोणतें चित्र आणि कोणता सूर पुढें जाणार?

व्हिडिओ गेम या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या खेळांत चित्र व सूर हे केवळ शोभेसाठीं नसतात. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं रचलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ घ्यावा. शत्रूंच्या रांगा वरून खालीं उतरत असतात आणि चार सुरांचा ठेका चालू असतो. संकट वाढेल तसा ठेका जलद होतो व खेळणाऱ्याची छाती धडधडूं लागते. सूर चारच, पण त्यांनीं साधलेला परिणाम मोठा. पुढें १९८५ सालीं आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संबंध खेळ सुमारें ४० किलोबाइट इतक्या अल्प जागेंत बसवावा लागला. म्हणून एकच आकृति रंग बदलून आकाशांत ढग झाली आणि जमिनीवर झुडूप झाली. कोजी कोंदो यांनीं त्यास दिलेली चाल आज चाळिशी उलटलेल्या माणसांनाहि गुणगुणतां येते.

या संगीताची अडचण चित्रपटाहून वेगळी असते. चित्रपटांतील प्रसंग किती वेळ चालेल हें संगीतकाराला आधींच ठाऊक असतें. येथें एक मूल दरवाजा क्षणांत उघडतें, तर दुसरें तेथेंच पाऊण तास अडखळतें. म्हणून सुरावट अशी रचावी लागते कीं, ती पुन्हां पुन्हां फिरून आली तरी कंटाळा येऊं नये, आणि संकट येतांच तिच्यांत नवा थर मिसळतां यावा. कीर्तनांत बुवांचें आख्यान लांबलें म्हणजे पेटीवाला व मृदंगी जसे त्यांना सांभाळून घेतात, तसेंच हें काम आहे. फरक इतकाच कीं, येथें ती साथ आधींच बसवून ठेवावी लागते.

असा मेळ महाराष्ट्रांतहि साधला गेला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यासाठीं लोकांकडे मागितलेली वर्गणी ठरलेल्या रकमेपर्यंत पोंचली नव्हती. तरी मंडळींनीं काम सोडलें नाहीं. कथा साधी आहे. राजी ही कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि दुर्गेच्या कृपेनें मिळालेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधास निघते. तिच्या वाटेवरचे महाल राजस्थानची आठवण देतात, रंगांची ठेवण पहाडी लघुचित्रांची आहे, आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या रीतीनें जोडले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळींतील ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना ती रीत परकी वाटणार नाहीं. संगीत मात्र ग्रीस देशाच्या लिनोस त्झेलोस यांचें आहे. कित्येक समीक्षकांनीं लढाईच्या रचनेंत उणिवा दाखविल्या. चित्र व संगीत यांची मात्र मनापासून वाखाणणी केली. त्या वर्षींच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्यें पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत त्याचें नामांकनहि झालें.

राजस्थानचे महाल आले, पहाडी रंग आले. मग सह्याद्रीच्या पायथ्याचें चित्र कोठें आहे? तें दूर नाहीं. ठाणें आणि पालघर जिल्ह्यांतील वारली घरांत लग्नाच्या वेळीं सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानें पालघट देवीचा चौक लिहितात, आणि धवलेरीच्या गाण्यांवांचून तो विवाहविधि पुरा होत नाहीं. चित्र आणि सूर तेथें एकाच कार्यांत गुंतलेले आहेत. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ एवढ्याच भांडवलावर माणूस, झाड, तारप्याभोवतींचा फेर, सारें उभें राहतें. मारिओच्या कर्त्यांना जी काटकसर यंत्रानें शिकविली, ती या भिंतींवर पूर्वींपासूनच नांदत होती. जिव्या सोमा मशे यांनीं ही कला कागदावर आणून जगापुढें ठेविली; २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकनहि लाभलें.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. पेले आणि पडदे यांवर वारली आकृति छापल्या गेल्या, तेव्हां गाणें मागेंच राहिलें. उद्यां एखाद्या खेळानें त्या आकृति नुसत्या पार्श्वभूमीस चिकटविल्या, तर तीच चूक पुन्हां होईल. चौक लिहिणाऱ्या स्त्रीला, गाणाऱ्या धवलेरीला आणि तारपा वाजविणाऱ्याला त्या कामांत भागीदार करून घेतलें, त्यांचें नांव व त्यांचा मोबदला त्यांना दिला, तरच तो खेळ त्या मातींतला म्हणतां येईल.

आईबापांनाहि एक सोपी परीक्षा करितां येण्यासारखी आहे. मुलाजवळ बसून खेळाचा आवाज थोडा वेळ बंद करावा. खेळांतली गोडी तत्काळ उणावली, तर त्या संगीतामागें कोणी तरी मनापासून राबलें आहे असें समजावें. मग मुलाला विचारावें कीं, हा सूर कोणत्या वाद्याचा, हा वाडा कोणत्या देशाचा? उत्तर शोधतां शोधतां दोघांनाहि कांहीं तरी गवसेल. आणि तेवढ्यांत वाशिंद मागें पडून माहुलीचे सुळके जवळ आले असतील, तर तेंहि मुलाला दाखवावें. कारण पुढचा खेळ रचणारा कदाचित् त्याच खिडकीशीं बसलेला असेल.