लांबच्या वाटेची तयारी

पनवेलजवळ माथेरानच्या बाजूस सुकापूर नांवाचें गांव आहे. आजच्या दिवसांत तेथील एखाद्या सुशिक्षित कुटुंबानें असा बेत केला कीं, विमानानें युरोपांत उतरावें, तेथें कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची घरगाडी भाड्यानें घ्यावी, आणि रस्त्यानें आल्प्स पर्वत ओलांडून इटलींत जावें, तर त्यांत नवल वाटण्याजोगें कांहीं उरलेलें नाहीं. पैसा हवा, रजा हवी आणि हौस हवी. परंतु या तिन्हींची जुळणी झाली म्हणजे प्रवासाची तयारी झाली, असें मात्र नव्हे. तयारी कशास म्हणावें, हें ज्यास जाणून घ्यावयाचें असेल त्यानें इटलीचा नकाशा उघडण्यापूर्वीं पनवेलच्या दक्षिणेस, पेणकडील वरसई गांवाकडे पाहावें.

या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 सालीं घरून निघाले. घर भिक्षुकाचें, खाणारीं माणसें पुष्कळ, आणि डोक्यावर कर्ज. अशांत वार्ता आली कीं, ग्वाल्हेरच्या बैजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून त्यांत लाखों रुपये खर्च होणार आहेत. विद्वान् ब्राह्मणास तेथें चांगली दक्षिणा मिळेल आणि कर्ज फिटेल, हा विष्णुभटांचा हिशेब होता. म्हणजे ही सहल नव्हती. घराची अब्रू पणास लागली होती. म्हाताऱ्या आईवडिलांस सोडून अपरिचित मुलुखांत जावयाचें. घरून परवानगी सहजासहजीं कशी मिळावी? अखेर काका रामभट बरोबर जाण्यास तयार झाले, तेव्हां निघणें झालें.

या तयारींत शहाणपणाच्या गोष्टी कोणत्या होत्या, तें पाहावें. पहिली गोष्ट, प्रवासाचा हेतु स्पष्ट होता. दुसरी, सोबत विश्वासाची होती. तिसरी, वाटेंत ओळखीपाळखीवर आणि आपल्या विद्येवर चरितार्थ चालेल, याचा भरंवसा होता. मुंबई ते ठाणें ही आगगाडी 1853 सालीं सुरू झाली होती खरी, पण बोरघाटांतून लोहमार्ग पुरा झाला तो 1863 सालीं. तेव्हां ग्वाल्हेरपर्यंतची वाट बैलगाडीची, पायांची आणि मुक्कामामुक्कामाची होती. असा मनुष्य दिवसाचे कोस मोजतो, पाणी कोठें आहे तें विचारतो आणि अंधार पडण्यापूर्वीं धर्मशाळा गांठतो.

एवढें करूनहि जी गोष्ट कोणाच्याहि हिशेबांत नव्हती ती घडली. महूच्या वाटेवर पलटणीच्या शिपायांकडून काडतुसांची आणि येऊं घातलेल्या बंडाची वार्ता या काका-पुतण्यांच्या कानीं आली. 10 मे 1857 रोजीं मीरतेस भडका उडाला. मागें फिरावें तर घरीं रित्या हातानें जावयाचें. पुढें जावें तर जिवाचा भरंवसा नाहीं. ते पुढें गेले. ग्वाल्हेरीहून पुढें ते झांशीस गेले, आणि 1858 च्या मार्च महिन्यांत सर ह्यू रोज याच्या फौजेनें त्या शहरास वेढा घातला तेव्हां ते आंतच होते. एप्रिलच्या आरंभीं शहर पडलें. त्या लुटींत जीव वांचला, पण मिळविलेला पैसा गेला. पुढें काल्पीकडे, रानावनांतून, पुनः लुटले जात ही यात्रा चालूच राहिली.

सुमारें अडीच-तीन वर्षांनीं विष्णुभट वरसईस परत आले. ज्या द्रव्यासाठीं निघाले होते तें बहुतेक वाटेंतच राहिलें होतें. परंतु काशीहून गंगेची कावड खांद्यावरून आणून त्यांनीं आईवडिलांस गंगोदकानें स्नान घातलें. द्रव्याचा बेत फसला. पुत्राचें कर्तव्य मात्र फसलें नाहीं. पुढें चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनीं ही सारी हकीकत लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’ या नांवानें 1907 सालीं छापली गेली, आणि मराठी वाचकांस एक अमोल ठेवा लाभला. हा लाभ तर निघतांना कोणीच मनांत धरला नव्हता.

आतां पुनः घरगाडीकडे वळूं. आज बंड नाहीं, लुटारू नाहींत. पण हिशेब चुकण्याच्या जागा आहेतच. शेंगेन देशांत पर्यटकास कोणत्याहि 180 दिवसांत 90 दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. प्रवेशाच्या अर्जाबरोबर निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना येथूनच काढून न्यावा लागतो, आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनें हांकावी लागते. ऑस्ट्रियाच्या द्रुतमार्गासाठीं आगाऊ कर भरावा लागतो. तेथून ब्रेनर खिंडींतून जावयाचें तर त्या मार्गाची पट्टी निराळी. ही खिंड सुमारें 1,370 मीटर उंचीवर आहे. स्वित्झर्लंडकडून जाणाऱ्यास गोटहार्डचा जवळजवळ 17 किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. मोटारीमागें घरगाडी जोडलेली असली तर इटलीच्या द्रुतमार्गावरहि ताशीं 80 किलोमीटरांहून अधिक वेग घेतां येत नाहीं. तिकडील जुन्या शहरांच्या पोटांतल्या कित्येक गल्ल्यांत बाहेरच्या वाहनांस मज्जावच असतो. न विचारतां आंत शिरल्यास दंडाचा कागद मागाहून येतो. म्हणून गाडी गांवाबाहेरील तळावर ठेवावी आणि पायीं किंवा ट्रामनें शहर पाहावें, हें उत्तम.

हे सगळे आंकडे वहींत उतरून झाल्यावर कुटुंबानें आणखी एक पान कोरें सोडावें. कॅलेपासून मिलानपर्यंतचें अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे. तें दोन दिवसांत कापण्याचा हट्ट धरला तर घरगाडी हें घर न राहतां ओझें होईल. चार मुक्कामांच्या जागीं पांच धरावे. खर्चाचा एक भाग निराळा बांधून ठेवावा आणि त्यास हात लावूं नये. वृद्ध माणूस बरोबर असेल तर कोणतें शहर वगळावयाचें, तें घरीं बसूनच ठरवावें. थकवा आल्यावर वाटेंत घेतलेला निर्णय भांडणाचा होतो. आणि व्हेनिस राहून गेलें तरी चालेल असें कोणतें एक सुख या प्रवासांतून हवें आहे, हें प्रत्येकानें आधीं सांगून टाकावें.

कारण प्रवासाचा बेत म्हणजे भविष्याचें वेळापत्रक नव्हे. जें हातचें जाईल तें जावें आणि जें जपावयाचें तें जपलें जावें, एवढीच त्याची कसोटी. वरसईच्या त्या वाटसरूचा पैसा झांशींत गेला, पण कावड घरीं पोहोंचली. सुकापुराहून इटलीकडे निघणाऱ्यानेंहि बिऱ्हाड बांधतांना आपली कावड कोणती, हें आधीं ओळखून ठेवावें.