रोजकीर्द किती दिवस ठेवावी?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, "अहो, घरच्या संगणकातल्या नोंदवह्या गुंडाळून ठेवायच्या कशा, हा काय ऐन वसंतात बोलण्याचा विषय?" त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. माझी सबब एवढीच की, हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो. घाटघरच्या पावसाने तो माझ्या गळ्यात घातला.

घाटघर म्हटले की पुष्कळांना अकोले तालुक्यातले, जलविद्युत प्रकल्पाचे घाटघर आठवते. मी बोलतो आहे ते जुन्नरच्या पश्चिमेचे, जीवधनाच्या शेजारचे, नाणेघाटाच्या तोंडावरचे घाटघर. तेथे पाऊस कसा पडतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून पटणार नाही. म्हणूनच तो मोजावा असे मला वाटले. पर्जन्यमापकात एक दोन खणांचे लहानसे पात्र असते. एक खण ठरावीक पाण्याने भरला की ते डुलते, पाणी सांडते आणि दुसरा खण पुढे येतो. प्रत्येक डुलणीबरोबर घरातल्या जुन्या संगणकात एक ओळ लिहिली जाई : अमुक दिवस, अमुक वेळ. 2023 च्या जुलैत एका रात्री पावसाने कहर केला. सकाळी मोठ्या उत्सुकतेने वही उघडून पाहतो तो मध्यरात्रीनंतर एकही ओळ नाही. पात्र रात्रभर डुलत होते; लिहायला जागाच उरली नव्हती. तबकडी काठोकाठ भरली होती.

कशाने भरली? हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. प्रत्येक संगणक आपली रोजकीर्द लिहीत असतो. कोण आत आला, कोणते यंत्र जोडले, कोणते काम फसले, सारे वेळेसह. तिला लॉग म्हणतात. हा शब्द दर्यावर्दी लोकांचा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात सोडीत, त्या ओंडक्याचे नाव वेग टिपण्याच्या वहीला मिळाले आणि तेथून ते संगणकात आले. ही रोजकीर्द एरवी कोणी वाचत नाही. बिघाड झाला की मात्र तिच्यावाचून दुसरा साक्षीदार नसतो.

माझ्या संगणकात बिनतारी जोडणीचे एक कार्ड होते. त्याचा संपर्क कोठे तरी ढिला असावा. ते दर सेकंदाला अनेकवार तक्रार करी आणि संगणक ती इमानाने लिहून ठेवी. गंमत पाहा, तक्रार काय, तर "चूक आढळली, ती दुरुस्त केली." काम कुठेच अडलेले नव्हते! चूक दुरुस्त झाल्याचे सांगता सांगता त्याने सगळे घर अडवून टाकले. शिवाय लिनक्सच्या माझ्या संगणकात तीच ओळ दोन वह्यांत लिहिली जात होती, एक सर्वसाधारण आणि एक केवळ गाभ्याची, म्हणजे कर्नेलची.

आता यावर तोड नाही असे नाही. लॉगरोटेट नावाची एक आज्ञावली हे काम नेमाने करते. रहाटगाडगे डोळ्यांपुढे आणा. ठरलेल्या दिवशी चालू वही बाजूला होते आणि तिला एक क्रमांक मिळतो. पूर्वीची एक क्रमांकाची दोन होते, दोनाची तीन, आणि शेवटचे गाडगे रिते होऊन नाहीसे होते. पुष्कळ ठिकाणी आठवड्याचा फेरा आणि चार जुन्या वह्या असा प्रघात आहे. माझ्याकडेही तोच होता. मग घात कोठे झाला? रहाट आठवड्याचा आणि विहीर एका रात्रीत भरलेली! वेळेबरोबर आकाराचीही मर्यादा घालता येते, तिला मॅक्ससाइझ म्हणतात. परंतु ही मर्यादा तपासली जाते ती आज्ञावली चालेल तेव्हाच, आणि ती बहुधा दिवसातून एकदा चालते. पहारेकरी दिवसातून एकच फेरी मारीत असेल तर त्याच्या हातात केवढी काठी आहे याला फारसा अर्थ नाही. मर्यादा घालायची तर फेरीही तासातासाची केली पाहिजे.

त्या सकाळी मात्र मी हे काहीच न करता अडाण्यासारखे वागलो. दोन्ही अजस्र फाइली पुसून टाकल्या. पाहतो तो जागा तितकीच भरलेली! फाइली दिसत नाहीत आणि जागाही सुटत नाही. हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. लिनक्समध्ये फाइलीचे नाव वेगळे आणि मजकूर वेगळा. नाव ही केवळ कपाटावरची चिठ्ठी. कारकून वही मांडीवर घेऊन लिहीत बसला असताना तुम्ही कपाटावरची चिठ्ठी फाडलीत, तर त्याला पत्ताही लागत नाही. तो लिहीतच राहतो. त्याने वही मिटली की मगच तिची जागा मोकळी होते. म्हणून अशा वेळी फाइल पुसू नये, रिकामी करावी. किंवा लिहिणाऱ्या सेवेला नव्याने सुरू करावे. नाव बदलण्याचेही तसेच. लॉगरोटेट वहीचे नाव बदलते तेव्हा लिहिणाऱ्याला "आता नवी वही घे" अशी खूण करावी लागते. ज्या आज्ञावलीला ही खूण कळत नाही तिच्यासाठी वहीची नक्कल काढून मूळ वही कोरी करतात. पण नक्कल संपणे आणि वही कोरी होणे यांच्यामध्ये लिहिलेल्या ओळी गळतात, हे पत्करूनच तो मार्ग धरावा.

दुसरा मार्ग मला सुचला तो दाबून लहान करण्याचा. तोही फसला. जीझिप आधी लहान प्रत नवी लिहिते आणि ती पुरी झाल्यावर मूळ फाइल काढते. म्हणजे जागा करायलाही जागा लागते. घर लख्ख करायचे तर सामान ठेवायला अंगण हवे, त्यातलीच ही गोष्ट.

ही दाबण्याची विद्या मात्र मोठी मौजेची आहे, आणि आपल्याला वाटते तितकी परकी नाही. जुन्या दस्तऐवजात गावाचे, कुळाचे लांबलचक वर्णन एकदा येते. पुढे "सदरहू" किंवा "मजकूर" एवढ्यावर भागते. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी 1977 साली जी रीत मांडली तिचे मर्म हेच : आधी आलेला मजकूर पुन्हा लिहू नका, किती मागे आणि किती लांब एवढे सांगा. दुसरी रीत डेव्हिड हफमन यांची, 1952 ची : जे वारंवार येते त्याला आखूड खूण द्या. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पत्रांत "सा. न. वि. वि." येतो तो याच न्यायाने. 1992 साली आलेल्या जीझिपमध्ये या दोन्ही रीती एकत्र नांदतात. रोजकिर्दीत पुनरुक्ती भरपूर, त्यामुळे ती दशांशावर येणे ही नेहमीची गोष्ट. माझ्या कार्डाच्या रडगाण्यासारखी असेल तर त्याहूनही खाली. आणि यात एक अक्षरही हरवत नाही. झेडकॅट किंवा झेडग्रेप म्हटले की गुंडाळी न सोडताच आतले वाचता येते. रोजकिर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून ताळेबंद काढला की हिशेब आटोपशीर होतो. पण ताळेबंदावरून पुन्हा रोजकीर्द काढून दाखवणारा मुनीम अजून जन्माला यायचा आहे. हा भेद ध्यानात असू द्या.

मग टाकायचे काय आणि ठेवायचे काय? हा प्रश्न घेऊन मी त्या पावसाळ्याच्या अखेरीस नाणेघाटात जाऊन बसलो होतो. तेथील लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. 1828 साली कर्नल साइक्स यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. यज्ञांची आणि दक्षिणेची ती जंत्री आहे : इतक्या गाई, इतके हत्ती, इतके कार्षापण. त्यातले आकडे तर जगभर अभ्यासले गेले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्यांवर लिहिले. शून्य आणि स्थानमूल्य नाही, म्हणून 24,400 लिहायचे तर वीस हजाराची, चार हजाराची आणि चारशेची अशा तीन खुणा. दगड झिजला, काही ओळी गेल्या, तरी दोन हजार वर्षांनी दक्षिणा मोजता येते.

आणि बाहेर वाटेवर तो दगडी रांजण. जकातीचे नाणे त्यात टाकीत असे परंपरा सांगते. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नरला चढे. रोज किती बैल चढले, कशाचा माल होता, कोणी किती दिले, याचा हिशेब ठेवला गेला असेल तर त्यातले एक पानही आपल्या हाती नाही. राणीचे दान दगडावर राहिले, जकातदाराची रोजकीर्द गेली. त्या रोजकिर्दीचा एक दिवस मिळाला तर इतिहासाचे अभ्यासक काय देणार नाहीत? पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून सरदेसाईंनी 45 खंड काढले ते असल्याच रोजच्या कागदांतून. त्या कारकुनांना आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटत असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून संगणकाची प्रत्येक कुरकुर जन्मभर जपावी काय? मुळीच नाही. ढिल्या कार्डाची लाखो ओळींची तक्रार मी एका ओळीत आपल्याला सांगितली आणि आपले काही बुडाले नाही. चूक माझी होती ती वेगळीच. पावसाची वही आणि यंत्राची कुरकुर या दोन्ही मी एकाच तबकडीच्या एकाच कप्प्यात ठेवल्या होत्या. एकीला फेरा हवा, दुसरीला फेऱ्यातून वगळले पाहिजे, हे मी यंत्राला सांगितलेच नव्हते. आणि न सांगितलेले यंत्राला कळत नाही.

आता व्यवस्था अशी आहे. रोजकिर्दीसाठी वेगळा कप्पा केला, म्हणजे ती फुगली तरी आपल्याच घरात फुगेल. सिस्टमडीची जर्नल म्हणून आणखी एक वही असते; ती न सांगता तबकडीचा दहावा हिस्सा, फार तर 4 जीबी, इतक्यावर स्वतःला आवरते. माझ्या लहान तबकडीला तेही जास्त, म्हणून तिला 200 एमबी नेमून दिले. लॉगरोटेट तासाला फेरी घालते. वह्यांना एक, दोन अशा क्रमांकाऐवजी तारखेचे नाव दिले, कारण क्रमांक दर फेऱ्याला बदलतात आणि काल पाहिलेली तिसरी वही आज चौथी होऊन बसते. सर्वांत ताजी जुनी वही दाबायची नाही, एक फेरा तशीच ठेवायची. लिहिणाऱ्याचा हात तिच्यावरून निघाला नसेल तर घोटाळा नको. आणि ते कार्ड काढले. खरे म्हणजे हे पहिल्यांदा करायला हवे होते! रोजकीर्द फुगली म्हणजे आधी तिच्यातल्या चार ओळी वाचाव्या. मी वाचल्या त्या तीन दिवसांनी.

पावसाची वही कोणत्याच फेऱ्यात नाही. वर्ष संपले की तिची प्रत दाबून जुन्नरला एका मित्राकडे जाते आणि महिन्याची बेरीज मी शाईने कागदावर लिहितो. त्या जुलैच्या बेरजेपुढे एक फुली आहे. शेजारी विचारतात, अंदाजाने एखादा आकडा का घालीत नाही? त्या रात्री ओढा कुठवर आला होता ते सारे गाव सांगते. पण पात्र किती वेळा डुलले ते कोणालाच सांगता येत नाही. तो रकाना मी कोरा ठेवला आहे.